अस्वल पळून का जात नाही?

अस्वल समोर आलं तर हात वर करून अंग मोठं दाखवा, जोरात ओरडा, आणि अंगावर आलंच तर मिळेल त्याने ठोका, असा सल्ला देणारे व्हिडिओ हल्ली विदर्भात चिमूरपासून सडक अर्जुनीपर्यंत गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. सल्ला खोटा नाही. तो उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलासाठी आहे आणि तिथे तो चालतो. ते अस्वल दाट झाडीतलं आणि बुजरं. घाबरलं की पळायचं, नाहीतर सरळ झाडावर चढायचं, हा त्याचा स्वभाव. आपल्या झुडपी जंगलातलं अस्वलही काळंच, म्हणून प्राणी एकच असं लोक धरून चालतात. पण वागण्यात हे दोघे एकमेकांच्या उलट आहेत. हा फरक कळला की अस्वलाच्या शेजारी कसं राहायचं यातलं निम्मं कळलं.

आपलं अस्वल वाघाच्या राज्यात वाढलं. त्याची जात घडली ती उघड्या रानात, कमी उंचीच्या, विरळ झाडांत. तिथे वाघासमोर पळण्यात अर्थ नाही, वाघ गाठणारच. झाडावर चढलं तर बिबट्याही चढतो. त्यातून मादीच्या पाठीवर पिल्लं असली तर विचारायलाच नको. तिची पिल्लं पहिले कित्येक महिने आईच्या पाठीवरचे लांब केस धरून बसूनच फिरतात. तेव्हा उपाय उरला एकच. धोका अगदी जवळ आला की दोन पायांवर उभं राहायचं, भयंकर ओरडायचं आणि आपणच चाल करून जायचं. २०१८ साली ताडोब्यात पाणवठ्याजवळ ‘मटकासूर’ नावाचा दांडगा वाघ आणि पिल्लू असलेली अस्वलाची मादी यांची झटापट पर्यटकांसमोर झाली. तो व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल. मादी रक्तबंबाळ झाली, पण हटली नाही. शेवटी वाघानेच नाद सोडला.

वाघासाठी तयार झालेली हीच रीत ती माणसावर वापरते. माणूस काही तिचं खाद्य नाही आणि तिचं आपल्याशी वैरही नाही. दहा-पंधरा पावलांवर अचानक काहीतरी हललं, एवढंच तिला कळतं, आणि पुढचं सगळं एका क्षणात होतं. उभं राहून पंजा मारायचा म्हटलं की तो माणसाच्या तोंडावर आणि डोक्यावरच बसतो. छत्तीसगडमधल्या बिलासपूरच्या उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळातल्या हल्ल्यांचा अभ्यास झाला होता. १३७ हल्ले आणि त्यात ११ मृत्यू. म्हणजे बहुतेक माणसं वाचतात. पण वाचलेल्याचा डोळा, जबडा, टाळू याचं काय होतं ते जंगलालगतच्या गावांतल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

एकदा एका म्हाताऱ्या गुराख्याला विचारलं होतं, “काकाजी, अस्वल दिसलं तं काय करता?” ते म्हणाले, “दिसलं तं काई नाई होत रे बापा. नाई दिसलं तं मंग पाहा.” सगळं शास्त्र यात आलं. माणसाला ते दिसलेलं नसतं आणि त्यालाही माणूस कळलेला नसतो, तेव्हाच घात होतो.

आणि त्याला माणूस कळत का नाही, तर त्याची नजर अधू आहे, कान बेताचे. नाक मात्र जबरदस्त. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर ते तुम्ही पोचायच्या आधीच बाजूला होतं आणि ते तिथे होतं हे तुम्हाला कधी कळतही नाही. वारा उलटा असला की मात्र तुम्ही त्याच्यासाठी अदृश्य. त्यात ते वारूळ फोडून खात असेल तर संपलंच. खाताना ते स्वतःच इतका आवाज करतं की दुसरं काही ऐकू येणं कठीण.

हे खाणं जरा जवळून पाहण्यासारखं आहे. त्याच्या वरच्या जबड्यातले मधले दोन दात नसतात. तिथे फट असते. ओठ लांब, लवचीक आणि पुढे काढता येणारे. पुढच्या पायांची नखं बोटभर लांब, वाकडी, आत न जाणारी. आधी नखांनी वारुळाची भिंत फोडायची, मग जोराने फुंकून माती उडवायची, नाकपुड्या मिटून घ्यायच्या आणि ओठांची नळी करून वाळवी त्या दातांच्या फटीतून आत ओढायची. ही फुंकण्या-ओढण्याची घरघर शंभर मीटरवरूनही ऐकू येते. जंगलात पंपाची हवा सुटल्यासारखा असा आवाज आला तर थांबा आणि आल्या वाटेने परत फिरा.

वाळवी आणि मुंग्या ही त्याची रोजची भाकरी झाली. जोडीला मोसमाप्रमाणे बोरं, टेंभरं, चारं, जांभळं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा, मध आणि मोह. यादी नीट वाचली तर लक्षात येईल की हीच आपलीही यादी आहे. मेळघाटात काय, नवेगाव-नागझिऱ्यात काय, नाहीतर बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत काय, जंगलातून माणूस जे वेचून आणतो, बहुतेक तेच अस्वल खातं. झाड तेच, महिना तोच आणि वेळही जवळपास तीच. म्हणून अस्वल ‘गावात शिरलं’ ही बातमी मला नेहमी अर्धवट वाटते. धुऱ्यावरचा मोह आणि बांधावरची बोर या त्याच्या जंगलाच्याच फांद्या आहेत, ७/१२ त्याला वाचता येत नाही.

मोहाचे दिवस

वर्षातला सगळ्यात नाजूक काळ मार्च-एप्रिलचा. का, ते समजून घेऊ.

मोहाची फुलं पहाटे गळतात. रसदार, गोड, पिवळसर फुलं, सूर्य वर यायच्या आत झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असतो. उशीर केला तर गुरं, हरणं, माकडं खातात, किंवा शेजारी वेचून नेतात. हे शेवटचं कारण कोणी उघड बोलत नाही, पण पहाटे चारला टोपली घेऊन निघण्यामागे बरेचदा तेच असतं. वेचणारीची नजर जमिनीवर, कंबर वाकलेली, हात चाललेले. अस्वलही रात्रभर याच झाडांवरून त्या झाडांवर फिरत असतं आणि उजाडेपर्यंत खात राहतं. त्याचंही तोंड जमिनीलाच. दोन पोटभरू एकाच झाडाखाली, दोघांचीही मान खाली, मध्ये अंधार.

त्यात आणखी एक भर. अस्वलाची पिल्लं साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत जन्मतात, एक किंवा दोन. मादी त्यांना घेऊन कपारीत किंवा खोदलेल्या बिळात दोन-तीन महिने राहते. ती बाहेर पडते तेव्हा मोह फुलत आलेला असतो. म्हणजे नुकतीच पिल्लं पाठीवर घेतलेली, भुकेली, सावध आई मोहाच्या झाडाखाली येते ती याच दिवसांत. मोह वेचणाऱ्या बायांवर हल्ले का होतात याचं उत्तर कोणाच्या निष्काळजीपणात शोधायची गरज नाही. दोन वेळापत्रकं एकमेकांवर बसलेली आहेत, एवढंच.

वेळापत्रक मोडता येतं. मोहाच्या झाडाखाली जाळी बांधली तर फुलं जमिनीवर पडतच नाहीत. मातीही लागत नाही, त्यामुळे अशा फुलाला भाव बरा मिळतो. आणि मुख्य म्हणजे पहाटे धावायचं कारण उरत नाही, उन्हं आल्यावर सावकाश जाऊन गोळा करता येतं. मध्य भारतात काही ठिकाणी अशा जाळ्या वापरात आहेत. माझ्या मते वनविभागाने अस्वलाबद्दलच्या जनजागृतीच्या फलकांवर खर्च करण्यापेक्षा जाळ्या वाटाव्यात. जाळीचा दुसरा फायदा आगीचा. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची पद्धत आहे, आणि त्यातलीच एखादी आग हाताबाहेर जाऊन सगळा डोंगर जाळते. जाळी असेल तर पाला जाळायची गरज नाही.

जाळी नसेल तर निदान इतकं करावं. एकटीने जाऊ नये. झाडाच्या वीस-पंचवीस पावलं आधी थांबून मोठ्याने बोलावं, टाळ्या वाजवाव्यात, मोबाइलवर गाणं लावावं. टॉर्च फक्त पायाखाली न मारता झाडाभोवती फिरवावा. आणि मग थोडं थांबावं. हे ‘थोडं थांबणं’ सगळ्यात महत्त्वाचं, कारण आवाज ऐकून निघून जायला अस्वलाला वेळ द्यावा लागतो. ओरडत थेट झाडाखाली घुसण्याचा उपयोग नाही.

बाकीचं वर्ष थोडक्यात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्यांची गर्दी रानात असते, तेव्हा जंगलात पाणी आटलेलं असतं आणि अस्वलांचे मिलनाचे दिवसही मे ते जुलैमध्ये येतात. फळीवर, म्हणजे पानं खरेदी होतात त्या जागी, पुडे मोजून द्यायची घाई असते, त्यामुळे लोक विखुरतात. विखुरल्यावर एकमेकांना हाका मारत राहावं. पावसाळ्यात झाडोरा माजतो, दोन हातांवरचं दिसत नाही. तेव्हा ओढ्याकाठच्या घाणेरीच्या झुडपांत सरपणासाठी वाकून शिरू नये, दिवसा अस्वल सावलीसाठी अशाच जागी पडून असतं. आणि बाराही महिने लागू असलेली गोष्ट म्हणजे शौचाला झुडपात जाणं. घरी संडास आहे पण पाणी नाही म्हणून पहाटे लोटा घेऊन निघणारी माणसं आजही आहेत. अस्वलापासून बचावाची पहिली योजना म्हणजे त्या संडासाला नळ, असं मी म्हटलं तर ग्रामपंचायतीत लोक हसतात.

माग काढता आला पाहिजे

अस्वल आसपास आहे का, हे कळायला कॅमेरा ट्रॅप लागत नाही. ताजं फोडलेलं वारूळ पाहा. माती ओली आणि मोकळी, आत निमुळता खड्डा, कडेला नखांच्या समांतर रेघा. वाळवी अजून भिंत बुजवत असेल तर खोदकाम ताजं आहे. विष्ठा त्या-त्या मोसमाचा जबाब देते. मोहाच्या दिवसांत आंबूस वासाची, हिवाळ्यात बोरांच्या बियांनी भरलेली, जूनमध्ये जांभळट. ठसा ओळखायला सोपा. पाच बोटं जवळपास सरळ रांगेत आणि नखांचे टोचे बोटांपासून बरेच पुढे. मागच्या पायाचा ठसा लहान मुलाच्या पावलासारखा दिसतो आणि नवखा माणूस फसतो. मधाचं पोळं असलेल्या झाडाच्या बुंध्यावर ओरखडे दिसतील. हे ओरखडे लक्षात ठेवा, पुढे कामी येतील.

लाकडाला, गुरांमागे किंवा वावरात जागलीला जाणाऱ्याने हातात लांब काठी ठेवावी आणि काठीला घुंगरू बांधावं. बैलाच्या गळ्यातलं जुनं चालेल. चालताना आपोआप आवाज होतो, सतत बोलायचा कंटाळा येत नाही. कानात इअरफोन घालून जंगलातून जाणाऱ्या पोरांना काय सांगावं, मला अजून सुचलेलं नाही.

कुत्र्याबद्दलही सांगतो. कुत्रा बरोबर असला की धीर येतो हे खरं. पण कुत्रा अस्वलावर भुंकत जातो, अस्वल उलटलं की शेपूट घालून परत येतो, आणि परत येतो तो मालकाच्या पायाशी. मागोमाग अस्वल.

समोर आलंच तर

अंतर असेल, त्याने पाहिलं नसेल, तर काहीच करू नका. पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. त्याने पाहिलं असेल, ते मागच्या पायांवर उभं असेल, तर तो हल्ला असेलच असं नाही. बरेचदा ते वास घेत असतं. थांबा, शांत आवाजात बोला, मागे सरकत राहा. पळू नका. अस्वल दिसायला ढब्बू असलं तरी माणसापेक्षा वेगाने धावतं. मादी आणि पिल्लू यांच्या मधून तर कदापि जाऊ नका.

झाडावर चढू का, असं सगळेच विचारतात. लहानपणी ऐकलेल्या दोन मित्रांच्या गोष्टीत एक झाडावर चढून वाचतो. मघाचे ओरखडे आठवा. आपलं अस्वल जीव वाचवायला झाडावर फारसं चढत नाही, पण मधासाठी मजेत चढतं. गोष्टीतला दुसरा मित्र, जमिनीवर निपचित पडलेला, तो मात्र खरा शहाणा. कारण गोष्टीत सांगतात तसं नाही. अस्वल मेलेल्याला हुंगून सोडतं वगैरे काही नियम नाही. ते धोका संपवायला आलेलं असतं, हालचाल थांबली की त्याच्या लेखी धोका संपला.

म्हणून ते अंगावर येतच असेल आणि वाट उरली नसेल, तर पालथं पडा. तोंड जमिनीत, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंतवून, कोपर कानांना घट्ट, पाय थोडे फाकलेले, म्हणजे ते सहज उलथवू शकणार नाही. चेहरा आणि मान वाचवणं हाच सगळा खेळ. ते गेल्यावरही लगेच उठू नका. सोबत कोणी असेल तर त्यांनी पळून न जाता एकत्र उभं राहून आरडाओरडा करावा, काठ्या जमिनीवर आपटाव्यात. घोळका पाहून ते बहुतेक वेळा सोडून जातं. हातात कुऱ्हाड आहे म्हणून एकट्याने भिडणाऱ्याला माझा सल्ला नाहीच असा आहे. जखमी अस्वल जास्त चिवटपणे झुंजतं.

आणि हो, अस्वल गुदगुल्या करून मारत नाही. दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा, पोराची भीती जावी म्हणून त्याला पाठीवर बसवायचे, केसाचा ताईत घालायचे, त्या काळातल्या गप्पा आहेत या. त्या अस्वलाचे दात काढलेले असायचे आणि नाकात दोर ओवलेला असायचा. अस्वल म्हणजे गमतीचा प्राणी ही समजूत तिथूनच आली असावी.

गावाने करायच्या गोष्टी

अस्वल वाट चुकून वस्तीत आलं की खरा धोका अस्वलापेक्षा गर्दीचा असतो. शंभर पोरं मोबाइल वर धरून चारही बाजूंनी धावतात, ते गोठ्यात नाहीतर संडासात कोंडलं जातं, आणि मग जो सगळ्यात पुढे असतो त्याच्यावर जातं. १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करावा, बीट गार्डला, म्हणजे आपल्या भागाच्या वनरक्षकाला, कळवावं आणि जंगलाकडची बाजू मोकळी ठेवावी. रस्ता मोकळा दिसला की ते अंधार पडल्यावर स्वतःहून निघून जातं. विहिरीत पडलेल्या अस्वलाचंही तेच. वनविभागाचे लोक लांब शिडी सोडतात, गर्दी हटवतात, आणि ते आपलं आपण चढून जातं. कठडा नसलेल्या विहिरी बांधून घेतल्या तर हा प्रसंगच टळेल. कठडा माणसालाही उपयोगी आहे, हे वेगळं सांगायला हवं का?

रानडुकरांसाठी कुंपणात थेट वीज सोडण्याचा प्रकार सोडला पाहिजे. त्यात डुक्कर मरतं, अस्वल मरतं, वाघ मरतो, आणि कधी पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही. अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारलं तर किमान तीन वर्षांची कैद आहे. सौर कुंपणाचं काम वेगळं. बॅटरीवर चालतं, वीज सलग न देता क्षणभराचे झटके देतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून कुंपण आणि गॅस मिळू शकतो. गॅस आला की सरपणाच्या खेपा कमी होतात, म्हणजे गाठ पडण्याचे प्रसंगही कमी होतात.

खायला घालण्याचा मोह मात्र आवरा. छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात चंडीमातेच्या एका मंदिरात अस्वलं प्रसाद खायला येतात, लोक कौतुकाने बघायला जातात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण माणूस म्हणजे नारळ आणि गूळ असं एकदा शिकलेलं अस्वल उद्या प्रसाद न आणणाऱ्या माणसासमोर काय करेल, याची हमी कोण घेणार?

हल्ला झाल्यावर

पहिलं काम रक्त थांबवणं. स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, पुन्हा पुन्हा उघडून पाहू नका. टाळूची कातडी लोंबत असेल तर ती कापू नका, ओढू नका, जागेवर ठेवून वरून कापड बांधा. डॉक्टर ती शिवू शकतात. तोंडाला जखम असेल तर माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. हळद, चुना, राख, चहापत्ती काहीही भरू नका. १०८ ला फोन करा. रक्त आटोक्यात असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हे रेबीजसाठी. अस्वलही सस्तन प्राणी आहे, त्यामुळे रेबीजची लस आणि जखमेभोवती द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. ग्रामीण रुग्णालयात नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन वाटेला लावत असतील तर हे नाव घेऊन विचारा.

पैशाचंही सांगतो, कारण घरचे रडत असताना हे कोणी सांगत नाही. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकारकडून वारसांना २५ लाख रुपये मिळतात, त्यातला काही भाग मुदत ठेवीत. कायमचं अपंगत्व आणि जखमा यांनाही मदत आहे, उपचाराचा खर्चही मागता येतो. मात्र त्यासाठी पंचनामा लागतो, म्हणून वनरक्षकाला किंवा पोलिसांना त्याच दिवशी कळवायचं. उपचार शक्यतो सरकारी दवाखान्यात घ्यायचे आणि केसपेपरवर ‘अस्वलाचा हल्ला’ असं स्पष्ट लिहून घ्यायचं. नुसतं ‘जनावराने जखमी’ लिहिलेलं असेल तर तो कागद टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. जखमेचे फोटो, फाटलेले कपडे, जागेवरचे ठसे, सोबत असलेल्यांची नावं, हे सगळं सांभाळून ठेवा. कपडे धुऊ नका.